एडिनबरोला पोस्टडॉकसाठी जावे का? विचारणाऱ्या संशोधिकेस सविस्तर उत्तर

तुमची पीएच.डी. संपत आली आहे, मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या भक्षक पेशी, मृत पेशी कशा गिळतात आणि त्यातून दाह (सूज, इन्फ्लमेशन) कसा शमतो या विषयावर एडिनबरोमध्ये तीन वर्षांची पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, जागा मिळते आहे, सोबत पती आणि सहा वर्षांची मुलगी येणार आहेत, आणि जावे की नाही हे ठरत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. हाच विषय घेऊन मी काही वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये आले आणि इथेच राहिले, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून मला स्वस्थ बसवेना. व्हिसाचे प्रकार, आरोग्य अधिभार, खात्यात दाखवायची रक्कम ही सगळी माहिती सरकारी संकेतस्थळावर आहे आणि ती सतत बदलते, म्हणून तिच्यात मी शिरत नाही.

विज्ञानाच्या दृष्टीने या, असे मी निःशंकपणे सांगेन. पेशी शिस्तीने, आतल्या आत आक्रसून मरते ही कल्पना केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये ज्या शोधनिबंधात मांडली आणि तिला ॲपॉप्टोसिस हे नाव दिले, ते काम स्कॉटलंडमधल्याच ॲबर्डीनशी जोडलेले होते. १९८९ मध्ये सॅव्हिल, हॅस्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये दाखवले की वयस्क न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, ॲपॉप्टोसिसने मरतात आणि मॅक्रोफेज त्यांना अख्खे गिळतात, म्हणजे त्यांच्या पोटातली विकरे बाहेर सांडून आजूबाजूच्या ऊतीची नासाडी होत नाही. हे दोघेही पुढे एडिनबरोत काम करू लागले, आणि दाहाचा शेवट हाच ज्यांचा मुख्य प्रश्न आहे अशा लोकांची एक परंपरा त्या शहरात उभी राहिली. अमेरिकेत डेन्व्हरच्या गटाने १९९८ मध्ये त्याच्या पुढचे दाखवले: मृत पेशी गिळलेला मॅक्रोफेज नुसता गप्प बसत नाही, तो टीजीएफ-बीटासारखे दाह शमवणारे संदेश सोडतो. तेव्हापासून दाह ओसरणे ही आपोआप घडणारी गोष्ट मानता येत नाही, ते शरीराला करावे लागणारे काम आहे. शरीरात दररोज १०,००० कोटींच्या घरात न्यूट्रोफिल तयार होतात आणि जवळपास तितकेच मरतात, हे लक्षात घेतले की या कामाचा आवाका कळतो. ते काम अडले की काय होते, हे सी१क्यू या पूरक प्रथिनाची जन्मजात उणीव असलेल्या रुग्णांत दिसते. त्यांच्यापैकी बहुतेकांना ल्यूपस, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, होतो, आणि मृत पेशींची विल्हेवाट नीट न लागणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण समजले जाते.

प्रत्यक्ष काम कसे चालते हे तुम्हाला ठाऊक असेलच, तरी इथला दिवस कसा जातो ते सांगते. न्यूट्रोफिल गोठवून ठेवता येत नाहीत. स्वयंसेवकाचे रक्त सकाळी येते, घनतेच्या थरांवरून पेशी वेगळ्या होतात, रात्रभर त्या संवर्धनात म्हाताऱ्या होऊ द्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या आठवडाभर आधी मोनोसाइट या रक्तपेशींपासून वाढवलेल्या मॅक्रोफेजवर घालायच्या. पाऊण तासाने प्लेट धुवायची. हे धुणे हाताला शिकवावे लागते, कारण जरा हलके झाले तर नुसत्या चिकटलेल्या पेशी गिळलेल्या म्हणून मोजल्या जातात आणि जरा जोरात झाले तर मॅक्रोफेजच निघून जातात. न्यूट्रोफिलमधल्या मायलोपेरॉक्सिडेज या विकराचा रंग दिल्यावर मॅक्रोफेजच्या फिकट शरीरात तपकिरी गोळे दिसू लागतात. आज पेशी आपोआप मोजणारे फ्लो सायटोमीटर आणि आम्लात उजळणारे रंग आहेत, पण मी माझ्या विद्यार्थ्यांना अजूनही ते तपकिरी गोळे आधी डोळ्यांनी मोजायला लावते, आणि पहिल्यांदा पाहताना मला झालेला आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला की मी इथे का आले हे मला पुन्हा पटते.

आता जे मनात सलते त्याविषयी. मला ज्या प्रश्नासाठी यायचे होते, तो म्हणजे दाह शमल्यानंतर कित्येक आठवड्यांनी त्या जागी काय उरते, पोटभर मृत पेशी खाल्लेले मॅक्रोफेज कुठे जातात, आणि ती ऊती पुढच्या संसर्गाला पूर्वीसारखाच प्रतिसाद देते का. हे प्रयोग संथ असतात. माझा करार मात्र मुदतीचा होता आणि व्हिसा नोकरी देणाऱ्या संस्थेशी बांधलेला होता. आल्यावर सुरुवातीचा मोठा काळ परवानग्यांत गेला. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी इथे १९८६ च्या कायद्यानुसार वैयक्तिक परवाना लागतो, त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा असते. माझा आधीचा अनुभव ग्राह्य धरला जाईल असे मला पत्रातून सांगितले गेले होते, प्रत्यक्षात तो धरला गेला नाही. परवाना हातात आला तेव्हा कळले की मला हवी असलेली दीर्घ मुदतीची पद्धत प्रयोगशाळेच्या प्रकल्प परवान्यात नमूदच नाही, आणि तो दुरुस्त व्हायला आणखी महिने लागले. या सगळ्या काळात कराराचे दिवस मात्र सरतच होते. शेवटी मी अठ्ठेचाळीस तासांत उत्तर देणारे प्रयोग निवडले, कारण त्यांतून शोधनिबंध वेळेत निघणार होता आणि शोधनिबंधावर पुढचा करार, पुढच्या करारावर व्हिसा, आणि व्हिसावर घरातल्या तिघांचे राहणे अवलंबून होते. ते काम चांगले झाले, त्याचा मला अभिमान आहे. पण व्हिसाची मुदत माणसाने कोणता प्रश्न विचारायचा हेही ठरवते, हे मला कोणीच आधी सांगितले नव्हते, आणि गेल्या काही वर्षांत दाहोत्तर काळाकडे या क्षेत्राचे लक्ष वळलेले पाहते तेव्हा ते अधिकच बोचते.

म्हणून तुम्हाला ग्लोबल टॅलेंट प्रकारच्या व्हिसासाठी पात्र होण्याची थोडीही शक्यता असेल, तर त्यासाठी शिफारसपत्रे मिळवण्याची खटपट आत्ताच करा. तो एका संस्थेशी बांधलेला नसतो. आणखी एक. मुदतवाढीचा अर्ज इथून केला की निर्णय येईपर्यंत देशाबाहेर जाता येत नाही, गेल्यास अर्ज मागे घेतला असे धरतात. हे नियमांत एका ओळीत लिहिलेले आहे. माझ्या आईची शस्त्रक्रिया नेमकी त्या आठवड्यांत झाली आणि मी फोनवर भावाला डॉक्टरांना काय विचारायचे ते सांगत राहिले.

तुमच्या मुलीच्या शाळेविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे. मी त्यावर जास्त लिहिणार आहे. प्रवेशअर्जात घरी बोलली जाणारी भाषा विचारतात. आम्ही मराठी लिहिले, कारण ते खरे होते. माझा मुलगा तेव्हा इंग्रजी पुस्तके स्वतः वाचत होता, तरी केवळ त्या रकान्यावरून त्याला इंग्रजीचा आधार लागणाऱ्या मुलांच्या गटात बसवले गेले, आणि वर्ग गणित करत असताना तो चित्रांवरून फळांची नावे सांगत होता. मी भेटायला गेले तेव्हा शिक्षिका अतिशय सौजन्याने बोलल्या आणि पुढच्या सत्रात पाहू म्हणाल्या. त्याला गटातून बाहेर काढायला वर्ष उलटले. तोवर त्याने स्वतःच तोडगा काढला होता: शाळेच्या फाटकाशी मी मराठीत हाक मारली की तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि हळूहळू घरातही तसेच होऊ लागले. आज तो माझे मराठी पूर्ण समजतो आणि इंग्रजीत बोलतो. त्याबद्दल त्याला काही वाटत नाही. मला वाटते, रोज वाटते. तुम्ही अर्जात खरेच लिहा, पण सोबत मुलीच्या आत्ताच्या शाळेचे वाचन-लेखनाचे पत्र जोडा आणि पहिल्याच आठवड्यात तिची चाचणी घ्यायला लावा. सौजन्याने मिळालेल्या आश्वासनावर थांबू नका.

एकटेपणाविषयी विचारले आहे. तो असतो. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारच्या आत अंधार पडतो तेव्हा जास्त असतो, प्रयोग चालू लागले की कमी होतो. प्रयोगशाळेतले लोक भले असतात आणि कामापुरते जवळचे असतात. पतींचा दिवस कसा जाईल याचा विचार मात्र तुमच्या दिवसाच्या आधी करा, कारण तुम्हाला निदान पेशींची वेळ पाळायची असते. माझ्या यजमानांनी आपले काम सोडून इथे दोन वर्षे घर सांभाळले, आणि त्याविषयी आम्ही अजून मोकळेपणाने बोललेलो नाही.

जागा स्वीकारण्यापूर्वी गटप्रमुखांना ईमेलवर विचारा की त्यांच्या प्रकल्प परवान्यात तुमच्या प्रयोगांची पद्धत आणि मुदत आधीच आहे का, रक्तदात्यांसाठीची नैतिक मान्यता तुम्ही येण्याच्या दिवशी वैध असेल का, आणि कराराची तीन वर्षे परवाना मिळाल्यापासून मोजता येतील का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नाही असेच येईल. तरी विचारा, कारण ते नाही कसे सांगितले जाते यावरून तो माणूस तुमच्या वेळेची किती कदर करतो हे समजते. स्कॉटलंडमधल्या शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतात, तेव्हा रुजू होण्याची तारीख जुलैतली मागा, म्हणजे मुलीचा प्रवेश आणि पत्ता हे वर्ग भरण्याआधी उरकेल आणि ती चाचणी पहिल्याच आठवड्यात मागता येईल. संशोधन प्रस्तावाचा मसुदा तयार असेल तर मला पाठवा. त्यातले संथ प्रयोग कापण्याआधी मी एकदा वाचेन.