घरी पुस्तकांचा फडशा, चाचणीत खालची पातळी

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. घरी गोष्टींची शंभर-सव्वाशे पानी पुस्तकं मनातल्या मनात वाचून संपवते. शाळेच्या वाचनचाचणीत मात्र तिला दोन पातळ्या खाली टाकलंय आणि आता लहान मुलांची पुस्तकं देतात. ती हिरमुसली आहे. बाईंशी भांडू का? – एक आई

उत्तर : भांडू नका, पण गप्पही बसू नका. बाईंकडून पातळीचा आकडा नको, नोंदीचा कागद बघायला मागा. कुठला शब्द चुकला, कुठे थांबली, गोष्ट सांगताना काय राहिलं, हे त्यात दिसतं.

मिनिटभर मोठ्यानं वाचायची चाचणी असेल तर बरोबर वाचलेले शब्द मोजतात. मूल साधारण तीन सेकंद थांबलं की शब्द सांगून टाकतात आणि तो चुकीत धरतात. खात्री झाल्याशिवाय तोंड न उघडणारी मुलं इथं मार खातात. दुसऱ्या पद्धतीत शेकडा 95 शब्द बरोबर आले तर उतारा एकट्यानं वाचण्याजोगा, 90 ते 94 आले तर शिकवण्याजोगा मानतात. म्हणजे शंभर शब्दांत पाच चुका आणि सहा चुका, एवढ्यावर पातळी बदलते. 'म्हणाली'चं 'म्हणते' झालं तरी चूकच.

मी एकतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. एका मुलानं उतारा बिनचूक वाचला. 'गोष्ट सांग' म्हटल्यावर म्हणाला, 'कुत्रा हरवला, मग सापडला.' मी आकलनाला कमी गुण दिले. मधल्या सुट्टीत तो टेबलाशी येऊन उभा राहिला. 'बाई, त्या मुलानं दोरी मुद्दाम सोडली होती ना?' उताऱ्यात तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं, त्यानं ते ताडलं होतं. बाईंनी गोष्ट वाचलेलीच आहे, मग पुन्हा काय सांगायची, असं त्याला वाटलेलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला नेमके प्रश्न विचारले आणि नोंद बदलली. तो विचारायला आला नसता तर? ते अजून मनात सलतं.

आता तुम्ही एक करा. तिनं कधीच न पाहिलेलं, चित्रं नसलेलं एक पान मोठ्यानं वाचायला द्या. मध्ये बोलू नका, दुरुस्त करू नका. फक्त खुणा करा. मग 'काय झालं?' विचारा आणि त्यानंतर 'असं का झालं असेल?'. वाचन अडखळत पण उत्तरं नेमकी आली, तर बाईंना तेच सांगा, अचूकता आणि आकलन वेगवेगळं बघायला सांगा आणि दुसऱ्या उताऱ्यावर पुन्हा चाचणी मागा.

पण 'प्रवास'चं 'प्रकाश' होत असेल, जोडाक्षरं गाळली जात असतील, तर चाचणी खोटी नाही. हुशार मुलं संदर्भावरून अंदाज बांधत पानंच्या पानं पुढं जातात, मनातल्या वाचनात ते कुणाला कळत नाही. ओळी सुटत असतील तर आधी डोळे तपासून घ्या. शब्द फोडताना ती सतत अडत असेल तर वाचन-अक्षमतेची तपासणी करून घ्यायला कचरू नका. समज चांगली असलेल्या मुलांमध्ये ही अडचण फार उशिरा लक्षात येते.

घरची जाड पुस्तकं मात्र काढून घेऊ नका. शाळेचं पुस्तक शाळेचं, हे तिचं.

कागद हाती आला की पुन्हा लिहा. तिच्या चुकाही जशाच्या तशा लिहून पाठवा.