वाचकांचे प्रश्न : चर्चामंच स्वतःचा, पण सॉफ्टवेअर कोणते?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडून स्वतःचा चर्चामंच उभारू पाहणाऱ्या पुण्यातल्या मंडळींचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

आमचा ट्रेकिंगचा ग्रुप मोठा आहे. राजगडावर पाणी कुठल्या टाक्यात मिळेल, पायथ्याशी गाडी कुठे लावायची, हेच प्रश्न दर मोसमात नव्याने येतात आणि जुनी उत्तरे सापडत नाहीत. म्हणून फोरम काढायचा आहे. एक जण पीएचपीबीबी सुचवतो, दुसरा डिस्कोर्स. यातले जास्त सुरक्षित कोणते? — वाचक, कोथरूड

फोरम चालवण्याची ही दोन्ही सॉफ्टवेअर मुक्तस्रोत (फुकट वापरता येणारी, कोड सगळ्यांना खुला असलेली) आहेत आणि दोन्हींची देखभाल चालू आहे. पीएचपीबीबी २००० सालापासून आहे, डिस्कोर्स २०१३ पासून. नुसत्या नावावरून डावे-उजवे ठरवता येणार नाही. आधी हे ठरवा की येती काही वर्षे हा मंच सांभाळणार कोण, आणि त्या माणसाला लिनक्स या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करता येतात का.

पीएचपीबीबी साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर, चालते. पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस असला की झाले. ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट होस्टिंगवाला करतो, तुमच्याकडे फक्त फोरमचे अपडेट उरते. डिस्कोर्सला स्वतंत्र व्हर्च्युअल सर्व्हर लागतो. मेमरी कमीत कमी १ जीबी आणि जोडीला स्वॅप (डिस्कवरची उसनी मेमरी) हवा; २ जीबी असेल तर श्वास घ्यायला जागा राहते. ते डॉकरमध्ये, म्हणजे सगळे सुटे भाग एकत्र बांधलेल्या डब्यात (कंटेनरमध्ये), बसवायचे असते. छोटे अपडेट ब्राउझरमधून होते, पण अधूनमधून सर्व्हरवर जाऊन पूर्ण रीबिल्ड (नव्याने बांधणी) करावे लागते आणि तेवढा वेळ मंच बंद राहतो. शिवाय खालची लिनक्स प्रणालीही तुमचीच जबाबदारी. हे करणारा माणूस नसेल तर पीएचपीबीबी घ्या, किंवा पैसे मोजून होस्ट केलेले डिस्कोर्स घ्या. माणूस असेल तर आमचे मत डिस्कोर्सच्या बाजूने आहे. टू-फॅक्टर लॉगिन (पासवर्डबरोबर दुसरा कोडही मागणारे) त्यात मूळचेच आहे आणि अ‍ॅडमिन मंडळींना ते सक्तीचे करता येते. पीएचपीबीबीच्या ३.३ मालिकेत त्यासाठी वेगळे एक्स्टेन्शन (जोडप्रोग्राम) जोडावे लागते.

‘सुरक्षित’ म्हणजे नेमके काय, हे तीन जुन्या घटनांवरून कळते. डिसेंबर २००४ मध्ये सँटी नावाचा वर्म (स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम) पसरला. तो गूगलवर शोधून पीएचपीबीबीचे जुने मंच गाठायचा आणि पाने पुसून टाकायचा. तो ज्या भोकातून शिरत होता ते २.०.११ या आवृत्तीत नोव्हेंबरमध्येच बुजवलेले होते. ज्यांनी अपडेट केले ते वाचले. सप्टेंबर २०१९ मध्ये व्हीबुलेटिन या दुसऱ्या फोरम सॉफ्टवेअरच्या बाबतीत उलटे झाले. लॉगिनही न करता सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येईल अशी त्रुटी कोणीतरी थेट जाहीर केली आणि दुरुस्ती त्यानंतर आली. तिथे अपडेटचा शिस्तीत केलेला रिवाजही त्या मधल्या दिवसांत कामाचा नव्हता. मंच तात्पुरता बंद करणे आणि बाहेर ठेवलेला बॅकअप, एवढाच आधार. तिसरी घटना २००९ ची. पीएचपीबीबीच्या स्वतःच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली, पण फोरमच्या सॉफ्टवेअरमधून नव्हे. वार्तापत्र पाठवणारे पीएचपीलिस्ट नावाचे दुसरे सॉफ्टवेअर जुने राहिले होते, त्यातून. म्हणून मंचाच्या होस्टिंगवर जुना फोटो-गॅलरीचा प्रोग्राम किंवा कोणाचा अर्धवट सोडलेला वर्डप्रेस ठेवू नका.

निवड करताना पुढच्या गोष्टी स्वतः तपासा. शेवटची आवृत्ती कधी आली? तिच्या टिपणात सुरक्षेच्या दुरुस्त्या स्पष्ट लिहिल्या आहेत का? त्रुटी सापडल्यास ती गुपचूप कळवण्याचा पत्ता दिला आहे का? नोंदलेल्या त्रुटींची संख्या जास्त दिसली म्हणून घाबरू नका. ज्यात एकही त्रुटी नोंदलेली नाही ते सॉफ्टवेअर बहुधा कोणी तपासलेलेच नसते. त्रुटी कळल्यापासून दुरुस्ती यायला किती दिवस लागले, हे बघा. पासवर्ड कसे साठवतात तेही पाहा. एमडी५ ही पासवर्ड सांकेतिक करून साठवण्याची जुनी पद्धत इतक्या झपाट्याने मोजता येते की डेटाबेस चोरीला गेला तर सोपे पासवर्ड लगेच उघडे पडतात. बीक्रिप्ट, आर्गॉन२ किंवा पुरेशा फेऱ्यांचे पीबीकेडीएफ२ हवे, कारण या पद्धती मुद्दाम संथ केलेल्या आहेत.

आणि एक्स्टेन्शन मोजकीच. मूळ सॉफ्टवेअर चांगले असूनही बरेच मंच एका हौशी माणसाने लिहून सोडून दिलेल्या एक्स्टेन्शनमुळे अडकतात. ते नव्या आवृत्तीवर चालत नाही, म्हणून अपडेट लांबते, आणि तिथूनच घसरण सुरू होते.

ओळखीतला एक जण विकतचे फोरम सॉफ्टवेअर आणि महागडी थीम फुकटात बसवून देतो म्हणतो. घ्यावे का? — वाचक, सिंहगड रस्ता

नाही. लायसन्सची तपासणी काढून टाकलेल्या अशा प्रतींमध्ये मागचे दार (घुसखोराची चोरवाट) ठेवून देणे ही जुनी रीत आहे, आणि त्या प्रतींना अधिकृत अपडेट मिळत नाही. पैसे नसतील तर मुक्तस्रोत पर्याय उत्तम आहेत, तिथे चोरीची गरजच पडत नाही.

सोसायटीच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर पडून आहे. त्यालाच सर्व्हर केले तर होस्टिंगचा खर्च वाचेल? — वाचक, हडपसर

घरगुती ब्रॉडबँडवर बऱ्याचदा एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून तुमच्या यंत्रापर्यंत पोचताच येत नाही. स्टॅटिक (कायमचा स्वतःचा) आयपी विकत घेतलात तरी महावितरणची वीज गेली की मंच बंद. झटक्याने वीज गेल्यावर डेटाबेस बिघडण्याची भीती वेगळीच. शिवाय सोसायटीच्या नेटवर्कवरच सीसीटीव्ही आणि हिशेबाचा कॉम्प्युटर असतो. मंचातून आत आलेला माणूस तिथवर जाईल. जुने यंत्र अपडेटची रंगीत तालीम करायला वापरा. तिथे ते खरेच कामाचे आहे.

वाचनालयाचा मंच सुरू केला आणि दुसऱ्याच आठवड्यापासून औषधांच्या, जुगाराच्या जाहिरातींचा पूर आला. कॅप्चा (माणूस की यंत्र हे ओळखणारी चाचणी) लावूनही थांबत नाही. — वाचक, सदाशिव पेठ

नेहमीचे चित्र-कॅप्चा बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) सोडवतात किंवा माणसे बसवून सोडवून घेतले जातात. पीएचपीबीबीत प्रश्नोत्तराचा कॅप्चा आहे, तो निवडा आणि प्रश्न मराठीत, तुमच्या परिसरातला घाला. उदाहरणार्थ, ‘शनिवारवाड्याच्या मुख्य दरवाजाला कोणत्या शहराचे नाव आहे?’ उत्तराच्या चौकटीत दिल्ली, देहली, रोमन लिपीतले स्पेलिंग अशी सगळी रूपे एकेका ओळीवर लिहा, नाहीतर खरे सभासदच अडकतात. प्रश्न तीन-चार ठेवा आणि काही महिन्यांनी बदला.

दुसरी फळी म्हणजे नव्या सभासदांवर मर्यादा. पीएचपीबीबीत ‘नव्याने नोंदणी झालेले’ असा गट असतो. त्यातल्या माणसाचे पहिले काही संदेश मंजुरीनंतरच दिसतात. डिस्कोर्समध्ये ० ते ४ अशा विश्वासाच्या पायऱ्या आहेत. शून्य पायरीवरच्या सभासदाला दुवे, चित्रे आणि खासगी संदेशांवर बंधने असतात आणि वाचन-सहभाग वाढला की ती आपोआप सैल होतात. आम्हाला ही पद्धत माणुसकीची वाटते, कारण खऱ्या वाचकाला ती जाणवतही नाही.

एक तपासणी राहून जाते. नोंदणीचा ई-मेलच सभासदाला मिळत नसेल तर खरी माणसे दारातच राहतात. अनेक क्लाउड कंपन्या मेल पाठवण्याचे २५ क्रमांकाचे पोर्ट (नेटवर्कचे दार) बंद ठेवतात. मेल सेवेमार्फत ५८७ वापरा आणि डोमेनच्या नोंदीत एसपीएफ व डीकेआयएम (मेल खरेच तुमच्याकडून आले याची खूण) भरा.

जुना मंच नव्या होस्टिंगवर हलवला तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे आली. शोधही नीट चालत नाही. — वाचक, चिंचवड

जुने होस्टिंग अजून बंद करू नका. आधी डेटाबेस थेट उघडून पाहा. तिथे अक्षरे नीट असतील तर दोष जोडणीच्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे अंकांत मांडण्याच्या पद्धतीत) आहे आणि तो सुधारता येतो. उच्चारचिन्हे लागलेली विचित्र रोमन अक्षरे दिसत असतील तरी मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने वाचला जातो. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हे साठली असतील तर त्या प्रतीतला मजकूर गेला. जुन्या बॅकअपवरून स्थलांतर पुन्हा करावे लागेल.

मायएसक्यूएलमध्ये एन्कोडिंग यूटीएफ८एमबी४ ठेवा. नुसते जुने यूटीएफ८ प्रत्येक अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देते. देवनागरी त्यात मावते, इमोजीला मात्र ४ लागतात. मग कोणी हसरा चेहरा टाकला की संदेश तिथेच तुटतो किंवा साठवतच नाही, आणि लोक म्हणतात मराठी चालत नाही.

शोधाचे दुखणे खोल आहे. ‘पाणी’ शोधले तर ‘पाण्याची टाकी’ सापडत नाही, कारण सामान्यरूप ओळखण्याची सोय बहुतेक शोधयंत्रणांत नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द कोणी नुक्त्याच्या ऱ ने टाइप करतो, कोणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. सॉफ्टवेअर पक्के करण्याआधी असे वीस-पंचवीस मराठी शब्द चाचणी मंचावर शोधून पाहा. विषयाचे शीर्षक मूळ रूपात लिहिण्याची सवय सभासदांना लावली तर निम्मे काम होते. सभासदनाम देवनागरीत हवे असेल तर डिस्कोर्समध्ये युनिकोड नावांची सेटिंग आधी चालू करा. ती मुळात बंद असते.

बॅकअप रोज होतो असे होस्टिंगवाले सांगतात. तेवढे पुरे का? आणि कायद्याचे काय? — वाचक, बाणेर

पुरे नाही. होस्टिंगचे खातेच बंद पडले किंवा पासवर्ड चोरीला गेला तर त्यांच्याकडचा बॅकअपही हातचा जातो. रोजचा डेटाबेस, अपलोड केलेल्या फाइल्स आणि कॉन्फिगरेशनची फाइल या तिन्ही गोष्टी दुसऱ्या कंपनीच्या साठवणीत जायला हव्यात. डिस्कोर्सच्या बॅकअपमध्ये कंटेनरची कॉन्फिगरेशन फाइल नसते, ती वेगळी जपा. दर तीन महिन्यांनी वेगळ्या सबडोमेनवर बॅकअप उभा करून बघा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. त्याआधी त्या प्रतीची बाहेर जाणारी ई-मेल बंद करा, नाहीतर सभासदांना जुन्या सूचनांचा मारा होतो. डिस्कोर्स रीस्टोअरनंतर सभासदांची ई-मेल स्वतःहून बंद ठेवते. खऱ्या संकटात रीस्टोअर केलेत तर ती पुन्हा चालू करायला विसरू नका.

कायद्याच्या बाजूने पहिला उपाय म्हणजे कमी माहिती गोळा करणे. जन्मतारीख, मोबाइल, पत्ता हे रकाने नोंदणीतून काढून टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे, तेव्हा शाळकरी सभासद घेणाऱ्यांनी आधीच विचार करावा. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क मंचावर ठळक द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचे असते आणि लॉग (सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात. ही मुदत फार छोटी आहे, त्यामुळे कोणी कळवायचे हे आजच ठरवा. त्याच वेळी सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावा आणि चालू असलेली लॉगिन सत्रेही रद्द करा. तसे केले नाही तर चोरलेल्या कुकीवर (ब्राउझरमधल्या लॉगिनच्या खुणेवर) आत आलेला माणूस पासवर्ड बदलल्यावरही आतच बसलेला असू शकतो.