दार उघडलं, पण कशासाठी?

सप्रेम आशीर्वाद.

तुझा प्रबंधाचा आराखडा वाचला. उदारीकरणाने, म्हणजे आयातीवरची बंधनं सैल केल्याने, विकसनशील देशांतल्या शेतीचं भलं झालं की वाटोळं, असं विचारलंस तर हवं ते उत्तर काढता येतं. आधी बघ, दार कुठल्या मालाला उघडलं.

बांगलादेश घे. तिथे सिंचनासाठी कुठलं इंजिन आयात करायचं ते सरकारी समिती ठरवायची. दर्जाच्या नावाखाली मोजकेच ब्रँड मंजूर. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही अट उठली, आयातशुल्क उतरलं आणि स्वस्त, हलकी चिनी डिझेल इंजिनं गावोगाव पोचली. गावचा मिस्त्री ती खोलून पुन्हा जोडायचा. ज्याच्याकडे इंजिन, तो शेजाऱ्याच्या भाताला पाणी विकू लागला. पाण्याचा हंगाम सरला की तेच धूड होडीवर किंवा जुगाडू तीनचाकीवर चढायचं. (असल्या कल्पकतेचं पेटंट निघत नाही, म्हणून आकडेवारीत ती सापडत नाही.)

पण त्या पाण्यावर पिकलं काय? मुख्यतः बोरो, म्हणजे हिवाळ्यात लावून सिंचनावर पिकवलेला भात, आणि त्यातले गाजलेले दोन वाण, ब्रि-२८ आणि ब्रि-२९, तिथल्या सरकारी भात संशोधन संस्थेने १९९४ साली दिलेले. भात स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागावर बी धरणारा; सुधारित वाणाचं बी एकदा नेलं की शेतकरी घरचंच राखून पेरतो. त्यात कंपनी पैसा कशाला घालेल? संकरित मक्याचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, म्हणून खासगी संशोधन तिकडे धावतं. यात कुणाचा कावा शोधू नकोस, साधा धंद्याचा हिशेब आहे.

उलट कॅरिबियनमधल्या हैतीने १९९५च्या सुमारास तांदळावरचं आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणलं. अनुदानावर पोसलेला अमेरिकी तांदूळ आला, शहरात स्वस्ताई झाली आणि तिथला भात उत्पादक बुडाला. हे धोरण पुढे रेटणाऱ्या बिल क्लिंटन यांनी २०१० साली अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे चूक कबूल केली. आर्कान्सातल्या, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या राज्यातल्या, काही शेतकऱ्यांचा फायदा झाला असेल, हेही म्हणाले.

तेव्हा नुसत्या आयातशुल्काच्या टक्केवारीवर विसंबू नकोस. प्रत्येक देशासाठी त्याच वर्षांतला कृषी संशोधनावरचा सरकारी खर्च शेजारच्या रकान्यात मांड. आणि मुलाखतींच्या यादीत सगळे अधिकारीच दिसताहेत. दोन-चार मिस्त्री घाल.