हिमकण पडले, स्ट्रॉबेरीची रोपे जगतील का?

प्रश्न: महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ आमचा प्लॉट आहे. सकाळी मल्चिंग पेपरवर (वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकवर) आणि पानांवर पांढरे हिमकण दिसले. गावात तर पारा ६ अंशांवर होता. रोपे मरतील का? परदेशी व्हिडिओत रोपे पेंढ्याने झाकतात, तसे करू का?

उत्तर: रोपे मरणार नाहीत, निर्धास्त राहा. स्ट्रॉबेरीचा गड्डा, म्हणजे पाने फुटतात तो जमिनीलगतचा आखूड बुंधा, शून्याखाली काही अंश सहज सोसतो. धोका आहे तो उमललेल्या फुलाला. साधारण उणे १ अंशालाच फुलाच्या मधला पिवळा भाग मरतो. पाकळ्या मात्र पांढऱ्याशुभ्र राहतात, त्यामुळे लांबून काहीच कळत नाही. दुपारी चार-पाच फुले हातात घेऊन बघा. मधला डोळा काळा पडला असेल तर त्या फुलाला फळ धरणार नाही. अर्धवट काळा असेल तर फळ वेडेवाकडे होईल. फुलापासून तोडणीपर्यंत साधारण महिना जातो, म्हणजे आजच्या थंडीचा फटका महिन्याने तोड्यात दिसेल. बंद कळ्या जास्त थंडी सोसतात, त्यामुळे पुढचा बहर हाती आहे.

गावातला पारा बघून अंदाज बांधू नका. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी थंड होते. थंड हवा जड असल्याने उतारावरून वाहत येऊन तलावाकाठच्या खोलगट भागात साचते. म्हणून एक थर्मामीटर गादीवाफ्यावर, रोपांच्या उंचीला लावा.

पेंढ्याने रोपे पुरण्याची पद्धत कडाक्याच्या बर्फाच्या देशांतली आहे. तिथे हिवाळ्यात रोप झोपलेले असते. आपले रोप याच दिवसांत फुलते-फळते, त्याला ऊन आणि मधमाशी लागते. पेंढ्याखाली दाबले तर फुले कुजतील. तेव्हा ते करू नका.

खरे काम आदल्या दिवशीचे. दुपारी ठिबकने वाफे ओलावून ठेवा, ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. ऊन कलताच, माती गरम असतानाच, वाफ्यावरच्या कमानींवर क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर घालायचे पातळ कापड, ओढा आणि कडा मातीने दाबा. कापड फुलांना टेकू देऊ नका; जिथे टेकते तिथेच फूल करपते. ऊन वर आले की कव्हर काढायलाच हवे, नाहीतर मधमाशा फुलांपर्यंत पोहोचत नाहीत.

तुषार संचाने रोपांवर पाणी फवारत राहूनही बचाव होतो, कारण पाणी गोठताना उष्णता सोडते. पण रोपांजवळचा पारा शून्यावर येण्याआधी संच सुरू करून बर्फ पूर्ण वितळेपर्यंत चालूच ठेवावा लागतो. मध्येच वीज गेली तर ओल्या फुलांचे नुकसान उलट वाढते. रात्रभर विजेची खात्री नसेल, किंवा वारा असेल, तर माझा स्पष्ट सल्ला आहे की हा मार्ग धरू नका, कव्हरच बरे.

आता काळी पडलेली फुले खुडून प्लॉटबाहेर न्या. ती तशीच राहिली तर राखाडी बुरशी त्यांच्यावर वाढून चांगल्या फळांवर जाते. आणि घाबरून युरिया देऊ नका. त्याने लुसलुशीत पाला फुटतो आणि पुढच्या थंडीत तोच आधी करपतो.