गोळी सुरू केली आणि अंगठा पुन्हा सुजला

प्रश्न : वय ५२. आठ महिन्यांपासून तूरडाळ, पालक, टोमॅटो बंद आहेत, तरी युरिक अॅसिड ८.४ आलं. डॉक्टरांनी ते उतरवणारी अॅलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम गोळी सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजला. तेव्हा तपासलं तर युरिक अॅसिड ६.२! गोळी बंद केली आहे. पुन्हा घ्यावी का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : गोळी थांबवायला नको होती. डॉक्टरांना भेटून ती पुन्हा सुरू करून घ्या.

रक्तात युरिक अॅसिड ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिलं की सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक साचू शकतात. यातून होणारा संधिवात म्हणजे गाउट. औषधाने पातळी उतरली की हे जुने थर सुटू लागतात, पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि सांधा भडकतो. सुरुवातीच्या महिन्यांत हे अपेक्षितच असतं. म्हणून तीन ते सहा महिने जोडीला असा भडका टाळणारं कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम रोज एकदा किंवा दोनदा देतात. तुमच्या चिठ्ठीत ते दिसत नाही, डॉक्टरांना जरूर विचारा. जुलाब लागले तर मात्रा कमी करावी लागते. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ते आधीच सांगा. अशा वेळी कोल्चिसिन अंगात साठून जिवावर बेतू शकतं.

६.२ वर विसंबू नका. दुखणं ऐन भरात असताना पातळी तात्पुरती उतरते. सूज गेल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. आकडा कायम ६ च्या खाली हवा, युरिक अॅसिडच्या गाठी झाल्या असतील तर ५ च्या. त्यासाठी १०० मिलिग्रॅम बहुतेकांना पुरत नाही. डॉक्टर दर दोन-चार आठवड्यांनी मात्रा वाढवत नेतात. मात्र अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर गोळी त्याच क्षणी बंद करून दवाखाना गाठा.

आणि डाळ खा! अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांचा १२ वर्षं अभ्यास झाला, २००४ मध्ये निष्कर्ष आले: मटण आणि मासळीने गाउटचा धोका वाढला, डाळी-पालकाने नाही. मूळ दोष बहुधा मूत्रपिंडात असतो. ते युरिक अॅसिड पुरेसं बाहेर टाकत नाही, आणि यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. त्यामुळे नुसत्या पथ्याने आकडा जेमतेम एखाद्या मिलिग्रॅमने उतरतो. सावजी मटण, कलेजी, बिअर, गोड शीतपेयं यांना मात्र आवर घाला, आणि मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडू देऊ नका. रक्तदाबासाठी थायाझाइड (लघवी वाढवणारी गोळी) घेत असाल तर तेही सांगा. त्याने युरिक अॅसिड वाढतं, लोसार्टन या रक्तदाबाच्याच दुसऱ्या औषधाने थोडं उतरतं.