जुन्या पिकअपचे स्पीकर बदलताय? आधी दाराचं पॅनल उघडा

भावा, आधी स्पीकर विकत घेऊ नको, आधी दाराचं पॅनल काढ आणि भोकाचं माप घे, आणि खोली पण मोज, काच पूर्ण खाली घेऊन, कारण मॅग्नेट मोठा असला की काच त्याला घासते आणि मग सगळं परत काढायला लागतं.

कंपनीच्या स्पीकरचा कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा, बहुतेक कागदी असतो, पंधरा वर्षं पावसाचं पाणी दारात उतरलं की तो फुगतो, फाटतो, म्हणून पॉलिप्रॉपिलिनच्या, म्हणजे प्लास्टिकच्या कोनवाले बघ. डब्यावर ३०० वॅट लिहिलेलं असतं त्याच्याकडे बघू नको, आरएमएस विचार, म्हणजे स्पीकर सतत झेलू शकतो ते खरे वॅट. साध्या स्टिरिओतून एका चॅनलला, म्हणजे एका स्पीकरला, खरे १५-२० वॅटच निघतात, त्यामुळे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटवर किती मोठा आवाज निघतो ते, ९० डेसिबलच्या पुढची घे. तीन डेसिबल जास्त म्हणजे दुप्पट वॅट दिल्यासारखं, तेही फुकटात! ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, मात्र चारच ठेव.

आणि खरा फरक कुठे पडतो सांगू का, दाराच्या पत्र्यात. पिकअपचा पत्रा पातळ, बेस आला की थरथरतो, तिथे ब्यूटाइल डॅम्पिंग शीट, म्हणजे थरथर शोषणारी रबरी शीट, चिकटव, स्पीकरभोवती फोमची रिंग लाव. मी तर म्हणतो स्पीकर थोडा स्वस्तातला घे पण हे कर. फक्त खालची पाणी जायची भोकं बुजवू नको, दार गंजेल.

वायरी जुन्या, रंग उडालेले, प्लस-मायनस कळत नसेल तर स्पीकरच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लाव, कोन बाहेर आला की सेलची प्लस बाजू ती स्पीकरची प्लस. एका जरी स्पीकरची प्लस-मायनस उलटी जोडली गेली तर बेस गायब होतो.