'शुगर', 'जॅगरी' आणि शर्करा

प्रश्न : आमच्याकडच्या गुळाच्या खोक्यांवर इंग्रजीत 'जॅगरी' असे छापलेले असते. 'शुगर' हा शब्द संस्कृत 'शर्करा'वरून आला, असे ऐकले आहे. हे खरे, की नुसते उच्चारसाम्य? आणि मग 'जॅगरी' कुठला?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण शंका घेतलीत ते योग्यच, कारण उच्चारसाम्य हा पुरावा नव्हे. 'मदर' आणि 'मातृ' सारखे वाटतात, तरी इंग्रजीने तो शब्द संस्कृतातून उचललेला नाही. दोहोंचा पूर्वज एक, इतकेच. 'शुगर' मात्र मालाबरोबर गेलेला उसना शब्द आहे आणि त्याचे मुक्काम दाखवता येतात.

'शर्करा' म्हणजे मुळात बारीक खडे. पाणिनीच्या एका सूत्रात हा शब्द 'सिकता' म्हणजे वाळूच्या जोडीने येतो, तर सुश्रुतसंहितेत मुतखड्याच्या कणांनाही 'शर्करा'च म्हटले आहे. उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडणे साधले, तेव्हा त्या दाण्यांना हे नाव मिळाले. त्याचे फारसीत 'शकर' आणि अरबीत 'सुक्कर' झाले. अरबांनी ऊस सिसिली आणि स्पेनपर्यंत नेला, तेव्हा शब्दही मध्ययुगीन लॅटिनमध्ये आणि जुन्या फ्रेंचमध्ये शिरून तेथून इंग्रजीत पोहोचला. स्पॅनिश 'असुकार'मधला आरंभीचा 'अ' हा अरबी 'अल्' या उपपदाचा अवशेष आहे. ग्रीकांची वाट याहून जुनी. त्यांच्या 'साक्खारोन'चे लॅटिन रूप पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी वापरतो, पण केवळ औषध म्हणून. 1879 मध्ये सापडलेल्या सॅकरिन या कृत्रिम गोड पदार्थाचे नाव त्याच शाखेचे. आपली 'साखर' मात्र परदेशी फिरून आलेली नाही. ती प्राकृत 'सक्करा'मार्गे थेट घरातच घडली.

'जॅगरी'ची वाट दक्षिणेची आहे. मलबार किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी मल्याळम 'चक्करा' ऐकला, त्याचा 'जागरा' केला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला. हा 'चक्करा'ही 'शर्करा'चाच वंशज. म्हणजे खोक्यावर गुळाला मिळालेले इंग्रजी नाव साखरेच्या कुळातले आहे, आणि मराठी 'गूळ' मात्र 'गुड' म्हणजे गोळा, या वेगळ्याच शब्दापासूनचा; ढेपेला तोच अधिक शोभतो, असे आमचे मत.

जाता जाता, 'कँडी'ही याच व्यापारातला : संस्कृत 'खंड', फारसी 'कंद', मग अरबी आणि फ्रेंचमार्गे इंग्रजी. आपल्या 'गुलकंद'मधला 'कंद' तोच.